ताई, डोंबिवलीची मुलगी स्वतःला मुंबईची म्हणू शकते का?

गेल्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की "आम्ही मुंबईकर गर्दीला घाबरत नाही", आणि खाली सही करताना नेहमीसारखं डोंबिवली लिहिलं. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की विचारू नका, सगळ्यांचं म्हणणं एकच, ताई तुम्ही नक्की कुठल्या ते एकदा ठरवा. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात नक्की घेते, आणि या एकाच विषयावरची चार पत्रं घेतली आहेत. माझं बालपण परळला गेलं आणि पाचवीत असताना आम्ही डोंबिवलीला आलो, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे.

प्रश्न : ताई, मी डोंबिवली पूर्वेला लहानाची मोठी झाले, आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी सगळ्या एकमेकींना विचारत होत्या कुठली कुठली, मी म्हणलं मुंबई. शेजारच्या कॉटवरची मुलगी दादरची निघाली, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं डोंबिवली मुंबईत कुठे येते, तो तर ठाणे जिल्हा." सगळ्या हसल्या. आता तीन वर्षं होत आली तरी कोणी मला कुठली विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी खोटं बोलले होते का?

उत्तर : अगं, तू खोटं बोलली नाहीस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

कुठली म्हणून विचारलं की माणूस समोरच्याला कळेल असं नाव सांगतो. नांदेडच्या मुलीला गोग्रासवाडी कुठे आहे हे माहीत असायचं काही कारण नाही, तिला मुंबई कळते. मी फोर्टला ऑफिसात असताना डोंबिवली सांगायचे, डोंबिवलीत कोणी विचारलं तर रामनगर, आणि रामनगरात विचारलं तर बिल्डिंगचं नाव. आमचं गाव देवगड तालुक्यात, तिथे गणपतीला एसटीतनं उतरलो की वाडीत एकच आवाज, "मुंबयकार इले". तिथे कोणी विरारहून आलेला असो, दिव्याहून की बदलापूरहून, सगळे मुंबयकार. माझी चुलती आजही फोनवर विचारते मुंबयत पाऊस कसो आसा, आणि मी डोंबिवलीच्या खिडकीतनं बाहेर बघून तिला सांगते, तिला जे हवं असतं ते कळतं.

आता तुझ्या त्या दादरच्या मैत्रिणीबद्दल. तिच्यावर रागावू नकोस, पण तिला दादरची गोष्ट माहीत नसावी असं वाटतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि जुन्या शहरातली दाटी कमी व्हावी म्हणून दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेत आखीव रस्ते आणि प्लॉट पाडले. म्हणजे दादर हेच मुळात मुंबईबाहेर जाऊन राहायचं ठिकाण होतं, गिरगाव-भुलेश्वरच्या माणसाला ते लांब वाटायचं. वांद्र्याला तर स्वतःची नगरपालिका होती. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये वाढली ती एका बाजूला जोगेश्वरी आणि दुसऱ्या बाजूला भांडुपपर्यंत, आणि १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंड आत आले. म्हणजे ज्या मुलुंडच्या आणि बोरिवलीच्या माणसाला आज कोणी तू मुंबईचा नाहीस म्हणत नाही, त्याचे आजोबा १९५६ साली महापालिकेच्या हद्दीबाहेरचेच होते. त्यानंतर हद्द काही पुढे सरकली नाही, माणसं मात्र जागा परवडेल तशी पुढे पुढे जात राहिली, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, तिकडे मीरा रोड, वसई, विरार. आणि बोरिवलीतली माणसं आजही चर्चगेटला निघाली की "मुंबईला चाललोय" म्हणतात हे तू ऐकलं असशीलच, माझी मावसबहीण तिथे जन्मली तरी तसंच म्हणते.

कागदावर बघायला गेलं तर आपला सगळाच गोंधळ आहे गं. डोंबिवलीचा पिनकोड ४२१२०१, मुंबईचा ४०० ने सुरू होणारा. फोनचा कोड आपला ०२५१, ठाण्याला मात्र ०२२, त्यामुळे लँडलाईनच्या काळात ठाण्याचा माणूस मुंबईला लोकल कॉल लावायचा आणि आपण ऑफिसातनं घरी फोन करताना आधी ९५ फिरवायचो. गाडीचा नंबर आपला एमएच ०५. पण दहावीचा निकाल लागतो मुंबई विभागात (आणि त्या मुंबई विभागीय मंडळाचं ऑफिस आहे वाशीला), डिग्री घेतली तर मुंबई विद्यापीठाची, जे पार सिंधुदुर्गापर्यंत पसरलंय. क्रिकेटचं तर बघच, अजिंक्य रहाणे आपल्या डोंबिवलीत वाढला, शार्दूल ठाकूर पालघरहून किट घेऊन लोकलने यायचा, आणि दोघं रणजी खेळले ते मुंबईकडून. त्यांना मुंबईची टीम म्हणताना कोणी पिनकोड विचारत नाही.

माझ्या मते मुंबईशी आपलं खरं नातं लोकलचं आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर. तुझ्या घरातही कोणीतरी असेलच जे पहाटे साडेचारला उठून डबे करून सात वाजून बारा मिनिटांची फास्ट लोकल पकडतं, किंवा डोंबिवलीला चढायला मिळत नाही म्हणून उलटं कल्याणला जाऊन बसून येतं, ग्रुपमध्ये हळदीकुंकू करतं, तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं टेकून ठाण्यापर्यंत जातं. मी १९ वर्षं हे केलं. दिवसातले तीन तास गाडीत, दहा तास मुंबईत आणि उरलेला वेळ डोंबिवलीत, त्यातही झोप. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधनं माणसं खाली पडली आणि जीव गेले, ती माणसं कामावर निघाली होती. ज्या शहरात पोचण्यासाठी माणूस रोज दाराला लटकतो त्या शहरावर त्याचा काहीच हक्क नाही असं कोणी म्हणलं तर मला ते सहन होत नाही.

हे सगळं तुझ्या बाजूने झालं. आता एक गोष्ट तुला बोचेल, पण मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते. त्या दिवशी तुला लागलं ते तिने चूक दाखवली म्हणून नाही लागलं. डोंबिवली हे नाव कोणी उघडं पाडलं असं तुला वाटलं, म्हणून लागलं. तू ते नाव झाकलं होतंस. मीही झाकायचे. लग्नाच्या वेळी माझ्या माहितीपत्रकावर वडलांनी "मुंबई" लिहिलं होतं आणि पत्ता दुसऱ्या पानावर, आणि मला ते बरंही वाटलं होतं, कारण तेव्हा डोंबिवली म्हटलं की समोरचे लगेच लोडशेडिंग, रस्त्यातले खड्डे आणि लोकलची गर्दी यावरच बोलायला लागायचे.

माझं हे झाकणं सुटलं २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, गाड्या बंद, मी फोर्टच्या ऑफिसात दोन रात्री अडकले. टीव्हीवर दिवसभर मुंबई, मिठी नदी, कलिना, कुर्ला. आम्ही सगळे हळहळत बघत होतो, आणि माझ्या घरचा फोन लागत नव्हता. तिकडे उल्हास नदीला पूर आला होता, बदलापूर-कल्याणच्या कितीतरी भागांत पाणी शिरलं होतं, आमच्या तळमजल्यावर कंबरभर पाणी आणि आई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. मला कुर्ल्याची गल्ली न गल्ली कळत होती आणि स्वतःच्या घराचं काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळव्यापासून पुढे बरंचसं रुळातनं चालत घरी पोचले तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला दोन दिवस जेवू घातलेलं होतं. त्या काकूंचं पूर्ण नाव मला तोवर माहीत नव्हतं, १६ वर्षं शेजारी राहून. हे मला आजही आठवलं की घसा दाटतो.

म्हणून सांगते, मुंबई म्हण, पण डोंबिवली झाकून म्हणू नकोस. कारण जे नाव आपण झाकतो त्या गावाकडे आपण काही मागतही नाही. मुंबईच्या महापौरपदी कोण बसणार यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर तासभर चर्चा होते, आणि आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण हे विचारलं तर पाचातल्या तिघांना सांगता येत नाही, हे मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्वतः विचारून पाहिलंय. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं, ते आपण कौतुकाने वाचतो, पण त्यातला रुपयाही डोंबिवलीच्या फडके रोडवर पडणार नसतो. आपला रस्ता, आपला कचरा, आपलं हॉस्पिटल हे कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे आहे, ती १९८३ पासून आहे, आणि तिला जाब विचारायला वेळ मिळत नाही कारण आपण सकाळी अंधारात निघतो नि रात्री अंधारात येतो. पाण्याचंच घे. मुंबईला ज्या सात तलावांतनं पाणी येतं त्यातले विहार आणि तुळशी दोनच मुंबईत आहेत, बाकीचे तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर आणि मिडल वैतरणा हे ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. आणि तानसा-भातसाच्या शहापूर तालुक्यातल्याच कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तुझी मैत्रीण "तो तर ठाणे जिल्हा" म्हणाली ना, तिच्या घरचा नळ त्याच ठाणे जिल्ह्यातनं येतो हे तिला भांडण न करता कधीतरी सांग.

आणि डोंबिवलीकडे सांगण्यासारखं काय कमी आहे गं. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अख्खं तरुण गाव नटूनथटून फडके रोडवर गणपतीच्या देवळाशी येतं, ज्यांची वर्षभर भेट नाही ते तिथे भेटतात, अमेरिकेतनं आलेले सुद्धा. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आज गिरगावपासून नागपूरपर्यंत निघतात त्याची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीच्या याच गणेश मंदिरानं केली, म्हणजे गिरगावनं आपल्याकडनं घेतली. ९० वं अखिल भारतीय साहित्य संमेलन २०१७ मध्ये आपल्याकडे झालं. पुढच्या वेळी कोणी विचारलं की "डोंबिवली, मुंबईच्या लोकलवर" असं सांगून बघ. दोन्ही नावं एका दमात. मला तरी हेच उत्तर सगळ्यात खरं वाटतं.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, निवृत्त गिरणी कामगार. लालबागच्या चाळीत जन्म, १९८२ च्या संपात नोकरी गेली, नंतर मिळेल ती कामं केली, १९९४ ला खोली विकून विरार पश्चिमेला वन रूम किचन घेतलं. आजही कोणी विचारलं तर मी लालबागचा सांगतो. मुलगा चिडतो, म्हणतो, "बाबा तीस वर्षं झाली, आपण विरारचे." गेल्या गणपतीत लालबागला गेलो तर आमच्या चाळीच्या जागी टॉवर, गेटवरच्या वॉचमननं विचारलं कोणाकडे जायचंय. मला उत्तर देता आलं नाही, परत फिरलो. मुलगा बरोबर आहे का?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मध्येच थांबावं लागलं. माझे वडीलही परळच्या गिरणीत होते, ते गेले तोपर्यंत त्यांचं घड्याळ भोंग्याच्या वेळेवर चालायचं, डोंबिवलीत भोंगा नव्हता तरी.

मुलगा चूक नाही. त्याची शाळा, मित्र, पहिलं क्रिकेट, सगळं विरारला झालं, त्याला लालबाग म्हणजे वर्षातनं एकदा गर्दीत नेऊन दाखवलेली जागा. पण तुम्ही सुद्धा चूक नाही हो. तुम्ही हौसेने सोडलं नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जमिनींवर काय उभं राहिलं ते आपण बघतोच. आणि ज्यांनी ते शहर कापडावर उभं केलं त्यांना घरं द्यायची वेळ आली तेव्हा काहींची सोय झाली पनवेलजवळ कोनला, आणि पुढे बदलापूरच्याही पलीकडच्या शेलू-वांगणीचं नाव निघालं. २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस त्याविरुद्ध आझाद मैदानात जमले, मागणी एकच, घर मुंबईतच द्या. काही लोक म्हणाले घर मिळतंय ना मग कशाला हट्ट. तो हट्ट मला पूर्णपणे समजतो. ज्या माणसाने रात्रपाळ्या करून शहर चालवलं त्याला त्या शहराच्या वेशीबाहेर नेऊन सोडायचं आणि वर त्याने स्वतःला मुंबईकर सुद्धा म्हणायचं नाही, हे फार झालं. तुम्ही लालबागचे आहात काका, जन्मभर म्हणा.

फक्त एक करा. विरारला उपरेपणाने राहू नका. तुम्ही राहता ती भूमी मुंबईपेक्षा मोठी होती एकेकाळी. पोर्तुगीजांच्या काळात कारभाराचं ठाणं वसई होतं आणि मुंबईची बेटं त्यांना १५३४ च्या वसईच्या तहात मिळाली, तेव्हा मुंबईचा माणूस वसईकडे बघायचा. १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला हे तुम्हाला मी काय सांगणार. आणि विरारहून मुंबईला जाणारी लोकल १८६७ साली सुरू झाली, म्हणजे चाकरीसाठी त्या मार्गावरनं जाणारे तुम्ही पहिले नाहीत. मुलाला एकदा लालबागला न्या, एकट्याला, गणपतीची गर्दी नसताना. वॉचमनने विचारलं तर सांगा, इथे आमची चाळ होती, मुलाला जागा दाखवायला आणलंय. आणि मग एखाद्या रविवारी त्याला म्हणा, चल, आता तू मला तुझं विरार दाखव, जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्यांपासून. पायऱ्या चढवत नसतील तर खालून दाखव म्हणा.

प्रश्न : मी ठाण्याचा. नातेवाईक परदेशातनं येतात आणि म्हणतात "मुंबईला आलो होतो, तुझ्याकडे राहिलो". मला खूप राग येतो. ठाण्याला ठाणे म्हणायला काय जातं?

उत्तर : दादा, काही जात नाही आणि तुमचा राग मला आवडला. पण तो राग उपयोगाला लावा. पाहुण्यांना एकदा घेऊन जा मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि सांगा की हे १८९३ साली सुरू झालं, मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ ला. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य ठाण्यातनं चालायचं तेव्हा मुंबई नुसती बेटं होती, हे पण सांगा. बाकी ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंडच्या नाक्यावर छोट्या गाड्यांचा टोल गेलाय, त्यामुळे गाडीत बसलेल्या पाहुण्याला ठाणे कुठे सुरू झालं हे आता कळत नाही, ते तुम्हालाच तोंडाने सांगावं लागणार.

प्रश्न : ताई, मी घणसोली गावातली आगरी बाई, वय ६४, हे पत्र नातीकडनं लिहून घेतेय. आमी मुंबईला गेलो नाय, मुंबईच आमच्या दारात आली. माझ्या सासऱ्यांची भातशेती होती, खाडीला मासे, पलीकडे मिठागरं. सगळं नवं शहर वसवायला सरकारच्या सिडकोनं घेतलं. आता नातवाला शाळेत निबंध आहे, "माझे गाव". तो म्हणतो आपलं गाव नवी मुंबई. मी म्हनते आपला गाव घणसोली. तो म्हणतो बाईंना घणसोली म्हणजे स्टेशन वाटेल. आता काय लिवायचं?

उत्तर : आजी, घणसोली लिहायचं. याच्यावर मला विचारच करावा लागला नाही.

सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला वेगळं वाटलं. आम्ही बाकीचे सगळे मुंबईचं नाव आपल्याला लागू होतं की नाही म्हणून भांडतोय, आणि तुम्हाला ते नाव न विचारता लावलं गेलं. १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे-कुलाबा भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा पुढे रायगड झाला. त्या शहराचं नाव ठेवताना त्या ९५ नावांतलं एकही वर आलं नाही, नवी मुंबई ठेवलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यातनं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचंच नाव द्या म्हणून तुमची पोरं मानवी साखळी धरून उभी राहिली ती उगीच नाही. निदान एका पाटीवर तरी इथलं नाव असावं एवढंच ते मागत होते. हे सगळं नातवाच्या निबंधात नको, तो लहान आहे, पण तुमच्या डोक्यात असू दे.

एक तक्रार आम्हा टॉवरवाल्यांबद्दल पण करते, मी कोपरखैरण्याला चुलत भावाकडे जाते तेव्हा बघते. सेक्टरात राहणारी माणसं गावठाणाला "ते गाव" म्हणतात, मासळी घ्यायला आणि भाड्याची खोली शोधायलाच तिकडे जातात, आणि स्वतः मात्र नवी मुंबईकर म्हणून मिरवतात. हे मला अजिबात पटत नाही. ज्यांची शेतं त्या सेक्टरखाली आहेत त्यांचं गाव शेजारी असताना निदान त्याचं नाव नीट घ्यावं.

नातवाला बाई काय म्हणतील याची काळजी आहे, तर त्याला पहिलं वाक्य असं लिहायला सांगा की माझं गाव घणसोली, स्टेशन नंतर आलं. मग त्याला बरोबर घेऊन गावात फिरा. गावदेवीच्या देवळापासून सुरुवात करा, विहीर कुठे होती, खळं कुठे होतं, होड्या कुठे लागायच्या, तुमचं शेत आता कुठल्या सेक्टरात आलंय आणि त्याच्यावर काय उभं आहे, हे त्याला बोट दाखवून सांगा. शेताला, खाचरांना, बांधांना जी नावं होती ती त्याला तुमच्या बोलीतच लिहून घेऊ दे, शुद्धलेखन नंतर बघू. खाडीत कुठले मासे मिळायचे त्यांची नावं पण. मी शाळेत असते तर मला असा निबंध वाचायला फार आवडला असता, आणि बाईंना आवडला नाही तर तो आम्हाला पाठवा आजी, नातवाच्या नावासकट छापायची सोय मी संपादकांकडे बोलून ठेवलीये.